ऱ्होड आयलंड : हद्दपारांनी वसवलेले राज्य

क्षेत्रफळाने अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य असलेल्या ऱ्होड आयलंडचे अधिकृत नाव २०२० पर्यंत मात्र देशात सर्वांत लांब होते. ‘स्टेट ऑफ ऱ्होड आयलंड अँड प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स’ हे ते नाव. नोव्हेंबर २०२० मधील सार्वमतात मतदारांनी त्याचा उत्तरार्ध वगळला. सतराव्या शतकातील इंग्रजीत ‘प्लँटेशन’ म्हणजे केवळ नवी वसाहत. परंतु पुढे हा शब्द गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्यांशी कायमचा जोडला गेला. या जोडनावात राज्याचा आरंभीचा इतिहास सामावलेला होता. ‘ऱ्होड आयलंड’ म्हणजे नॅरागॅन्सेट उपसागरातील अ‍ॅक्विडनेक हे बेट आणि ‘प्रॉव्हिडन्स’ म्हणजे मुख्य भूमीवरील वस्ती. एकमेकांविषयी फारसा विश्वास नसलेल्या गावांच्या तडजोडीतून हे राज्य उभे राहिले.

मूळ रहिवासी

इंग्रज येण्यापूर्वी उपसागराच्या पश्चिमेस नॅरागॅन्सेट आणि पूर्वेस वाम्पानोआग या जमातींची वस्ती होती. फ्रान्सच्या राजाच्या सेवेतील इटालियन दर्यावर्दी जोव्हानी दा व्हेराझ्झानो १५२४ मध्ये येथे येऊन गेला. १६१६ ते १६१९ या काळातील साथीत वाम्पानोआग जमातीची मोठी हानी झाली. नॅरागॅन्सेट त्यातून बऱ्याच अंशी बचावले. त्यामुळे इंग्रजांचे आगमन झाले, तेव्हा या परिसरात त्यांचेच वर्चस्व होते.

पहिले गाव

१६३१ मध्ये रॉजर विल्यम्स हा तरुण धर्मोपदेशक बोस्टनला आला. मॅसॅच्युसेट्स वसाहतीवर त्या वेळी प्युरिटन पंथीयांची सत्ता होती. इंग्लंडमधील धार्मिक जाचाला कंटाळून आलेल्या या मंडळींनी नव्या भूमीत आपल्याच पंथाची सक्ती सुरू केली होती. विल्यम्सने दोन बाबतींत त्यांना आव्हान दिले. ईश्वराविषयीच्या कर्तव्यांबाबत शासनाला शिक्षा करण्याचा अधिकार नाही, हे त्याचे पहिले म्हणणे. आणि मूळ रहिवाशांची जमीन परस्पर वाटून देण्याचा हक्क इंग्लंडच्या राजाला नाही, हे दुसरे. ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याला पकडून इंग्लंडला धाडण्याचा बेत शिजत असतानाच जानेवारी १६३६ मध्ये, ऐन हिवाळ्यात, तो निसटला. त्या बर्फात वाम्पानोआग लोकांनी त्याला आसरा दिला.

त्याच वर्षी नॅरागॅन्सेट सरदार कॅनोनिकस आणि मियान्टोनोमी यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने गाव वसवले. आपल्यावर दैवी कृपा झाली, या भावनेतून त्याचे नाव ‘प्रॉव्हिडन्स’ ठेवण्यात आले. तेथे राहू इच्छिणाऱ्यांनी बहुमताचा निर्णय पाळण्याची लेखी हमी दिली. पण ती ‘केवळ नागरी बाबींपुरती’ होती. धर्माचा विषय करारातून जाणीवपूर्वक बाहेर ठेवण्यात आला. स्थानिकांची भाषा शिकलेल्या विल्यम्सने १६४३ मध्ये लंडनमध्ये त्या भाषेवरील पुस्तकही प्रसिद्ध केले.

आणखी तीन गावे

दरम्यान, बोस्टनमध्ये अ‍ॅन हचिन्सन यांच्यावर खटला उभा राहिला. घरी स्त्री-पुरुषांच्या सभा घेऊन त्या धर्मगुरूंच्या प्रवचनांची चिकित्सा करीत. १६३७ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. त्यांचे कुटुंब, व्यापारी विल्यम कॉडिंग्टन आणि वैद्यक जाणणारे धर्मोपदेशक जॉन क्लार्क यांच्या गटाने १६३८ मध्ये अ‍ॅक्विडनेक बेटावर पोर्ट्समथ वसवले. वर्षभरातच नेतृत्वावरून वाद झाला आणि कॉडिंग्टन व क्लार्क यांनी १६३९ मध्ये बेटाच्या दक्षिण टोकाला न्यूपोर्टची स्थापना केली.

चौथे गाव सॅम्युएल गॉर्टन याचे. कोणत्याच वसाहतीत न टिकलेल्या या वादग्रस्त उपदेशकाने शॉमेट येथे जमीन घेतली. १६४३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सैनिक पाठवून त्याला आणि त्याच्या साथीदारांना कैद केले. सुटकेनंतर गॉर्टनने थेट इंग्लंड गाठले आणि अर्ल ऑफ वॉरिक यांच्याकडून संरक्षण मिळवले. कृतज्ञता म्हणून गावाला ‘वॉरिक’ हे नाव देण्यात आले.

पटेंटपासून सनदेपर्यंत

१६४३ मध्ये मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ, कनेक्टिकट आणि न्यू हेवन या वसाहतींनी आपला संघ स्थापन केला आणि या गावांना मुद्दाम बाहेर ठेवले. एकेकटे राहिलो तर शेजारी गिळंकृत करतील, ही भीती त्यामुळे खरी ठरली. विल्यम्स इंग्लंडला गेला आणि मार्च १६४४ मध्ये त्याने संसदेकडून पटेंट, म्हणजे अधिकारपत्र, आणले. १६४७ मध्ये चारही गावांची पहिली प्रतिनिधी सभा पोर्ट्समथ येथे भरली.

ऐक्य मात्र ठिसूळ होते. १६५१ मध्ये कॉडिंग्टनने बेटांपुरता स्वतंत्र अधिकार मिळवून वसाहतीचे दोन तुकडे केले. ते १६५४ मध्ये पुन्हा जुळले. अखेर जॉन क्लार्क यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर ८ जुलै १६६३ रोजी दुसऱ्या चार्ल्सने सनद दिली. सार्वजनिक शांतता न बिघडवणाऱ्या कोणालाही धर्मविषयक मतांसाठी छळले जाणार नाही, अशी हमी तिच्यात होती. ही सनद १८४३ पर्यंत अमलात राहिली.

या हमीचे मोल शेजारी पाहिले की कळते. क्वेकर पंथाच्या मेरी डायर यांना १६६० मध्ये बोस्टनला फाशी देण्यात आली. त्यांच्या पंथाचे लोक न्यूपोर्टमध्ये मात्र निर्वेध राहत होते. १६५० च्या दशकाच्या अखेरीस तेथे ज्यू कुटुंबेही आली. १७६३ मध्ये उघडलेले न्यूपोर्टचे टूरो सिनेगॉग हे अमेरिकेतील सर्वांत जुने टिकून राहिलेले ज्यू प्रार्थनास्थळ होय.

स्वातंत्र्याची मर्यादा

ज्यांच्या भूमीवर हे घडले, त्यांच्या वाट्याला वेगळेच भवितव्य आले. १६७५ मध्ये वाम्पानोआग प्रमुख मेटाकॉम, ज्याला इंग्रज ‘किंग फिलिप’ म्हणत, आणि इंग्रज वसाहती यांच्यात युद्ध पेटले. १९ डिसेंबर १६७५ रोजी मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेक्टिकटच्या फौजांनी दलदलीतील नॅरागॅन्सेट तळावर हल्ला केला. शेकडो लोक मारले गेले. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. मार्च १६७६ मध्ये नॅरागॅन्सेटांनी प्रॉव्हिडन्स जाळले. त्यात विल्यम्सचे घरही भस्मसात झाले. युद्धानंतर प्रॉव्हिडन्सने कैद्यांना ठरावीक मुदतीच्या दास्यात विकले आणि ती व्यवस्था पाहणाऱ्या समितीत विल्यम्सही होता.

गुलामगिरीबाबतही हेच झाले. कोणालाही दहा वर्षांहून अधिक काळ बंधनात ठेवू नये, असा कायदा १६५२ मध्ये प्रॉव्हिडन्स आणि वॉरिकच्या प्रतिनिधींनी केला. पण त्याची अंमलबजावणी झाली नाही. अठराव्या शतकात न्यूपोर्ट आणि ब्रिस्टल ही बंदरे गुलामांच्या व्यापाराची केंद्रे बनली. येथील जहाजांनी एक लाखाच्या आसपास आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेल्याचे इतिहासकार मानतात.

आजच्या खुणा

दूरच्या सत्तेविषयीचा जुना अविश्वास पुढेही टिकला. १७८७ च्या घटना परिषदेला ऱ्होड आयलंडने प्रतिनिधीच पाठवला नाही. मूळ १३ राज्यांपैकी सर्वांत शेवटी, २९ मे १७९० रोजी, ३४ विरुद्ध ३२ मतांनी त्याने संघराज्याच्या घटनेला मान्यता दिली. आजही राज्यातील पाच परगण्यांना प्रशासकीय अधिकार नाहीत. कारभार ३९ शहरे आणि गावे पाहतात.

नॅरागॅन्सेट जमातीचे अस्तित्व संपल्याचे राज्याने १८८० मध्ये जाहीर केले होते.  न्यायालयीन लढ्यानंतर १९७८ मध्ये तिला सुमारे १,८०० एकर जमीन परत मिळाली आणि १९८३ मध्ये संघराज्य सरकारने तिला मान्यता दिली. हद्दपारांना आसरा देणाऱ्यांच्या वंशजांना आपल्याच भूमीवर आपले अस्तित्व सिद्ध करण्यासाठी शतकाहून अधिक काळ झगडावे लागले.