पुडिंग, क्रूस आणि आज्ञापालन

पंडिता रमाबाईंच्या चरित्रांमध्ये इंग्लंडचे पर्व बहुधा चारसहा पानांत उरकलेले आढळते. वाँटेजच्या मठात मुक्काम, बाप्तिस्मा, ऐकू कमी येत असल्याने सोडून द्यावा लागलेला वैद्यकीचा बेत, चेल्टनहॅमचे शिक्षण आणि मग अमेरिका. चरित्रकारांची घाई समजण्यासारखी आहे. पुढे शारदासदन आहे, मुक्तिमिशन आहे, पुण्यातला वाद आहे. तिकडे पोहोचायचे तर मधली अडीचतीन वर्षे आटोपती घ्यावी लागतात. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने असे करू नये, असे आम्हांस वाटते. परमुलखात आलेल्या एका विद्यार्थिनीने नवा धर्म घेतला आणि त्यानंतर त्या धर्माच्या घरात ती रुळली कशी, किंवा रुळायचे तिने कसे नाकारले, याचा इतका बारीक तपशील एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्या कोणा मराठी स्त्रीबाबत आमच्या पाहण्यात नाही.

रमाबाई मुंबईहून निघाल्या २० एप्रिल १८८३ रोजी, 'कैसर-इ-हिंद' या बोटीने. स्त्रीधर्मनीति या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय झालेली. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाच्या सोबतीण. (याच महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या होत्या, दोन आनंदीबाईंची गल्लत होऊ नये म्हणून हा उल्लेख.) मे महिन्यात त्या इंग्लंडात उतरल्या आणि वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहू लागल्या. या भगिनींचे पुण्यातही काम होते आणि ओळख तिथलीच. करार सरळ होता. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचे, त्यांनी रमाबाईंना इंग्रजी. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या तिथे विद्यार्थिनी होत्या तशा शिक्षिकाही होत्या. हे लक्षात ठेवले नाही तर पुढचा सगळा तंटा नुसता हट्टीपणाचा वाटतो.

बोटीतून उतरल्या तेव्हा रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. पुण्यात मिस हरफर्ड यांच्याकडे त्या इंग्रजी आणि नवा करार वाचत असत, परंतु वाचणे वेगळे आणि पत्करणे वेगळे. प्रवासाची हकीकत त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना मराठी पत्रातून कळवली, आणि ती त्याच वर्षी 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून छापली गेली. पुढे घडले ते त्यांनी 'माझी साक्ष' या आत्मनिवेदनात सांगितले आहे. धर्मभगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले केंद्र दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आश्रय होता, त्यांची शुश्रूषा होत होती. रमाबाईंनी अशा स्त्रियांसाठी शास्त्रांत काय लिहिले आहे ते पाठ केलेले होते. अशा स्त्रियांना कोणी जवळ बसवलेले पाहिले नव्हते. त्यांनी कारण विचारले आणि उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

या दोन घटनांच्या मध्ये एक मृत्यू आहे, आणि चरित्रकारांनी तो चोरपावलांनी ओलांडला आहे. आपल्याला सक्तीने बाटवले जाईल या भीतीने आनंदीबाई भगत यांच्या मनाचा तोल गेला. एका रात्री त्यांनी रमाबाईंचाच गळा दाबण्याचा प्रयत्न केला, आणि नंतर विष घेऊन स्वतःचा शेवट केला. ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्या घरी रमाबाई पाहुण्या म्हणून राहिल्या तेव्हा त्यांना एकटीने झोपवत नसे, खोलीत सोबतीला मोलकरीण ठेवावी लागे, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. बाप्तिस्मा बुद्धीने पटला म्हणून घेतला की या हादऱ्यातून आधार शोधताना घेतला, असा प्रश्न अनेकांनी केला आहे. आम्हांस तो फारसा फलदायी वाटत नाही. माणसाचे असे निर्णय एका धाग्याने विणलेले नसतात. महत्त्वाचे एवढेच की ख्रिस्ती विद्यार्थिनी म्हणून रमाबाईंचे पहिले दिवस उत्साहाचे नव्हते. बरोबर आलेली एकमेव मायदेशीची बाई गमावलेल्या, अर्धवट इंग्रजी येणाऱ्या आणि ऐकू कमी येणाऱ्या पंचवीस वर्षांच्या विधवेचे ते दिवस होते. लेकरू कडेवर, आणि पुण्याहून येणाऱ्या बातम्यांत शिव्याशाप. (त्या गदारोळात जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली, हे वाचकांना ठाऊक असेलच.)

अशी व्यक्ती आश्रयदात्यांपुढे नमेल, असा कोणाचाही अंदाज असता. वाँटेजच्या भगिनींचाही असावा.

रमाबाईंची आध्यात्मिक आई म्हणून सिस्टर जेराल्डीन यांची योजना झाली होती. रमाबाई पत्रांत त्यांना 'आजीबाई' म्हणत. ते संबोधन आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. मठाने 'आई'ची जागा देऊ केली. रमाबाईंनी माया ठेवली आणि नाते एका पिढीने लांब नेले. आजीबाईंचे ऐकायचे असते, पण आजीबाईंचे सगळेच ऐकायचे नसते, हे मराठी घरात वाढलेल्यांना सांगायला नको.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. मनोरमेचा सांभाळ बराच काळ वाँटेजला होई. वाँटेज व चेल्टनहॅम यांच्यामध्ये पत्रे धावू लागली, आणि त्या पत्रांतले विषय पाहिले म्हणजे गंमत वाटते व मग वाटेनाशी होते. पहिला विषय जेवणाचा. रमाबाई शाकाहारी होत्या आणि बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारीच राहिल्या. इंग्रजी जेवणात हे सोपे नव्हते. पुडिंगासारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थातही अंडे असते. जेराल्डीनबाईंच्या मते ही जातीच्या अभिमानाची शिल्लक होती आणि ख्रिस्ती झालेल्या बाईने ती टाकून द्यायला हवी होती. रमाबाईंचे उत्तर मासलेवाईक आहे. तुम्हांला माझा गर्व पाय, पुडिंग, लोणी, दूध आणि पाण्यातसुद्धा शोधायचा असेल तर खुशाल शोधा, अशा आशयाचे लिहून त्यांनी आपण हिंदू आहोत आणि पूर्वजांच्या चालीरीती शक्य तेवढ्या पाळतो हे स्वच्छ कबूल केले.

येथे घटकाभर थांबले पाहिजे. १८८५ साली, बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षे झालेली बाई स्वतःला हिंदू म्हणवते. पुण्यातले टीकाकार नेमके उलट सांगत होते, आणि मठालाही ते ऐकायचे नव्हते. रमाबाईंच्या लेखी 'हिंदू' हे देशाचे आणि राहणीचे नाव होते, 'ख्रिस्ती' हे श्रद्धेचे, आणि ताटात काय वाढायचे हे पहिल्या खात्यातले. अर्थात जेराल्डीनबाईंची शंका अगदीच निराधार नव्हती, हेही म्हटले पाहिजे. ब्राह्मणी आहारात जातीचा अंश नसतो असे कोण म्हणेल? रमाबाईंच्या युक्तिवादात ही फट आहे. परंतु जी बाई स्वतःच्या हातचे सोडून दुसऱ्याचे खाण्याने बाटते म्हणून घाबरत नाही, फक्त ताटातले एक जिन्नस नाकारते, तिला सोवळी म्हणणे हेही उथळपणाचे आहे.

दुसरा विषय क्रुसाचा. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन शब्द असावेत असे मठाकडून सुचवण्यात आले. रमाबाई संस्कृतवर अडून बसल्या. त्यांनी विचारले ते असे: लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा अधिक चांगले असे काय आहे? की ब्राह्मणांना संस्कृत वाटते तशी तुम्हांला लॅटिन पवित्र भाषा वाटते? आणि लगोलग खुलासा केला की संस्कृत देवभाषा आहे म्हणून आपला आग्रह नाही. ती आपल्या देशाची सर्वांत जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून आहे. लॅटिन आपल्याला कळत नाही. न कळणारी अक्षरे छातीवर का वागवावीत? या प्रश्नात पंडिता दिसते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही स्त्री स्वतःच्या विद्येचा उपयोग इंग्लंडात ज्या ठिकाणी करते ते ठिकाण विलक्षण आहे. एकाच वाक्यात ती वाँटेजच्या मठाला आणि काशीच्या पंडितांना एका रांगेत बसवते.

तिसरा विषय अधिकाराचा. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी एक योजना १८८४ मध्ये पुढे आली. हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली: हे तिकडे कळले तर तिच्याविषयीचा आदर नाहीसा होईल. हिंदुस्थानातल्या भर सभांमध्ये पुरुषांपुढे पुराणे सांगत आणि भाषणे करत जी बाई वाढली, तिच्याविषयी ही काळजी! रमाबाईंनी कळवले की आपल्या वडिलांनी किंवा पतीने कधी अशी हरकत घेतली नव्हती, तेव्हा इथे ती घेतली जावी याचे आश्चर्य वाटते. धर्मतत्त्वांच्या बाबतीतही तेच. त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथानासिअसचा मतांगीकार त्यांच्या बुद्धीला पटेना आणि पटल्याशिवाय तो म्हणायला त्या तयार होईनात. हिंदुस्थानी भटशाहीचे जोखड एकदा मोठ्या कष्टाने उतरवले आहे, तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, हा त्यांच्या पत्राचा भावार्थ. मनोरमेविषयीही त्यांनी बजावले की मुलीला जे समजत नाही ते तिच्या मनावर ठसवू नका, आणि ती आमचीच एक राहू द्या. आपल्या देशाचे नाव निघाल्यावर तिने शरमेने लाल होता कामा नये.

या ठिकाणी कोणी म्हणेल की हा सगळा नवख्या ख्रिस्ती व्यक्तीचा प्रश्न. जन्माने ख्रिस्ती असलेल्या विद्यार्थिनीला इंग्लंडात असा त्रास झाला नसता. योगायोगाने तसेही एक उदाहरण आपल्याकडे आहे. कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या. वडील पारशातून ख्रिस्ती झालेले, आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलेले. डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या, परंतु विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून नाकारली गेली. मग लेडी हॉबहाउस आदींनी वर्गणी जमवली, तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही वाटा होता, आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. या बाई इंग्रजी चालीरीतींत मुरलेल्या, राजनिष्ठ, बालपणापासून चर्चमधल्या. फक्त नेसत साडी. आणि तेवढ्यावरून इंग्लंडात त्यांना 'मूर्तिपूजक' समजून उपदेश करणारे भेटत, हे त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांत हसत हसत लिहिले आहे. म्हणजे श्रद्धा तीन पैशांचीही तपासली गेली नाही. कापड पाहूनच निकाल. कॉर्नेलियाबाईंनी ते विनोदावर नेले आणि पुढे कायद्याच्या परीक्षेसाठी जे भांडायचे ते भांडल्या. रमाबाईंचा स्वभाव विनोदावर नेण्याचा नव्हता.

आता ही पत्रे आपल्यापर्यंत पोहोचली कशी, ते पाहू. त्यांचा संग्रह केला तो सिस्टर जेराल्डीन यांनीच. ज्या बाईंना रमाबाई गर्विष्ठ आणि अवज्ञा करणारी वाटली, त्यांनीच तिची प्रत्येक अवज्ञा जपून ठेवली, तीवर टिपणे लिहिली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली हा संग्रह १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. जेराल्डीनबाईंचा हेतू काय असेल? आपली बाजू जगापुढे यावी, हा असेल. शिष्येविषयीची माया असेल. आम्हांस दोन्ही दिसतात. रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत भले पुस्तक लिहिले. इंग्लंडातील या वर्षांवर तसे काही लिहिले नाही. तेव्हा या काळातल्या रमाबाई आपल्याला वाचायला मिळतात त्या नुकत्याच शिकलेल्या इंग्रजीत, आणि त्यांच्याशी वाद घालणाऱ्या बाईच्या पेटीतून. वाक्ये कधी अडखळतात, शब्दांची निवड कधी बाळबोध असते, पण युक्तिवाद कोठेही अडखळत नाही. ज्यांना आत्मचरित्रपर लेखन शिकवायचे आहे त्यांनी 'माझी साक्ष' आणि ही पत्रे शेजारी ठेवून वाचावीत. १९०७ ची रमाबाई इंग्लंडातले दिवस ज्या शांतपणे सांगते, त्या शांतपणाचा १८८४-८५ च्या पत्रांत मागमूस नाही.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई मनोरमेसह अमेरिकेला निघाल्या, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. परत इंग्लंडात शिकायला त्या आल्या नाहीत. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या तेव्हा ते पुरे झाले होते, आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. क्रुसावर संस्कृत अक्षरांसाठी भांडलेल्या या बाईंनी त्या भाषांतरातून मात्र संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढले. शेतात राबणाऱ्या बाईला वाचून कळावे अशी मराठी त्यांना हवी होती.