तारापूरचा ऑक्टोबर आणि फोनमधली खाचरे

बोईसरच्या बाजारात मोबाइलच्या दुकानासमोर उभे राहिले की एकच आकडा ठळक दिसतो : ५०, ६४, १०८ मेगापिक्सेल. तारापूरच्या कारखान्यात राबणारा पालक मुलीसाठी फोन घेताना त्या आकड्यापोटी चार पैसे जास्त मोजतो. ते कशासाठी, हे समजायला थोडे मागे जाऊ.

२८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या (तेव्हा ठाणे जिल्हा) अणुवीज केंद्रात व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. त्याआधी अकराच दिवस, १७ ऑक्टोबरला, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनी तासाभराच्या चर्चेत 'सीसीडी'ची कल्पना मांडली. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध काही नाही. पण वर्ग लक्षात ठेवतो. गंमत म्हणजे त्यांना हवे होते संगणकाच्या स्मृतीचे साधन, मिळाला कॅमेऱ्याचा डोळा. प्रकाश पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते घराघरांत साठवायचे आणि मोजायचे. २००९ साली दोघांना नोबेल मिळाले. आजच्या फोनमध्ये सीसीडीऐवजी कमी वीज खाणारा 'सीमॉस' संवेदक असतो. १९९० च्या दशकात एरिक फॉसम व सहकाऱ्यांनी त्याला आजचे रूप दिले. इलेक्ट्रॉन गोळा करणे मात्र तेच.

पालघरच्या मुलांना हे भातखाचरांवरून सांगावे. एका शेताची चार खाचरे करा नाहीतर सोळा, शेतावरचा पाऊस तेवढाच. प्रत्येक खाचराच्या वाट्याचे पाणी तेवढे घटते. मुसळधार पावसात काही बिघडत नाही. भुरभुर असली की एका खाचरात चार थेंब, शेजारच्यात एकच. संध्याकाळच्या फोटोत दिसणारे रवाळ ठिपके ते हेच. म्हणून ५० मेगापिक्सेलचे बरेच फोन मुकाट्याने चार-चार खाचरांचे बांध फोडून सुमारे १२.५ मेगापिक्सेलचेच चित्र देतात!

तेव्हा खाचरे मोजण्याआधी शेत केवढे ते विचारावे. संवेदकाचा आकार अपूर्णांकात लिहितात : १/१.५ इंच, १/३ इंच. यांत मोठा कोणता? पाचवीच्या मुलालाही हे सोडवता येईल. मात्र हा इंच खरा नव्हे. जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यातील काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून तो चालत आला. 'एक इंची' संवेदकाचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. भिंग आणि फोनमधली आज्ञावलीही चित्र घडवतातच. म्हणून आम्ही दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात खोक्यावरच्या बारीक अक्षरांचा फोटो काढतो आणि तो मोठा करून पाहतो. दुकानदार वैतागतो, पण दाखवतो.