सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले तेव्हा

#थ्रेड

१/ नवा संगणक आला की जुन्यातील छायाचित्रे, पत्रे सहज पलीकडे जातात. घरखर्चाचा आणि देण्याघेण्याचा हिशेब मात्र नुसता उचलून नेता येत नाही. पलीकडे गेल्यावर शिल्लक तीच भरते का, हे ताडून पाहावे लागते. ही चिंता संगणकाहून जुनी आहे. १ एप्रिल १९५७ रोजी ती देशातील प्रत्येक वहीपुढे एकाच वेळी उभी राहिली.

२/ पनवेलचेच पाहा. तेव्हा हे गाव द्वैभाषिक मुंबई राज्यातील कुलाबा जिल्ह्यात होते. १८५२ पासूनची नगरपालिका, खाडीवरचे बंदर, मुंबई-पुणे रस्ता आणि भाताचा व्यापार असलेले हे बाजाराचे गाव. अशा पेठेत रोजकीर्दीत दिवसाची जमा-नावे लिहायची आणि त्यावरून खतावणीत माणसागणिक खाते चढवायचे, ही जुनी रीत. दिवाळीत वहीपूजन झाले की नव्या वहीत सगळ्या नोंदी पुन्हा उतरवीत नसत. येत असे ती फक्त ‘मागील बाकी’. जुनी वही दप्तरात बांधून ठेवली जाई.

३/ १९५५ च्या नाणे दुरुस्ती कायद्याने रुपया तोच ठेवला, त्याचे भाग बदलले. पूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पया. आता १०० ‘नये पैसे’. अंमल १ एप्रिल १९५७ पासून. योगायोग असा की त्या वर्षी गुढीपाडवाही त्याच दिवशी आला. परंतु दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला या मुहूर्ताचा उपयोग नव्हता. बदल ऐन वहीच्या मध्यावर आला होता. एकाच पुठ्ठ्यात आधीची पाने आण्यांची, नंतरची नया पैशांची.

४/ खरी मेख रूपांतरात होती. १०० ला १६ ने भागले की एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात. सव्वासहा पैशांचे नाणे कुठून आणायचे? म्हणून नियम असा केला की अर्धा किंवा त्याहून कमी पैसा सोडून द्यायचा, अधिक असेल तर पुरा धरायचा. एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे नेमके २५.

५/ आता एखाद्या घरी सोळा दिवस रोज एक आण्याचे दूध आले असे समजा. प्रत्येक ओळीचे वेगळे रूपांतर केले तर १६ गुणिले ६, म्हणजे ९६ नये पैसे. आधी बेरीज करून मग रूपांतर केले तर पुरा एक रुपया. चार पैसे कोणी खाल्ले नाहीत, तरी ते नाहीसे झाले! दूधवाल्याने पहिली रीत का मान्य करावी? नोंदी जुन्या चलनातच मिटवून एकट्या बाकीचे रूपांतर करणे, हाच त्यातला शहाणपणाचा मार्ग. वहीपूजनाची जुनी शिस्त इथे उपयोगी पडणारी होती.

६/ बदलली ती केवळ नाणी नव्हेत. मराठी हिशेबात पाव रुपयासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन, पाऊणसाठी तीन अशी खूण होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे त्याच व्यवहारासाठी घोकून घेतले जात. दशांश चिन्ह आले आणि या विद्येचे रोजचे काम सुटले. मोडी लिपीही त्याच सुमारास मागे पडत होती. नातवाला आजोबांची खतावणी वाचता येईनाशी झाली, ती कसरीने खाल्ली म्हणून नव्हे. अक्षरे आणि खुणा दोन्ही अनोळखी झाल्या म्हणून.

७/ एक गंमत. सोळा ही संख्या दुभागत जाते: आठ, चार, दोन, एक. संगणकाचे अंतर्गत गणितही दोनवरच चालते. त्यामुळे एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, संगणकाच्या द्विमान अपूर्णांकात तंतोतंत मावतो. दहा पैसे मात्र मावत नाहीत. म्हणूनच हिशेबाची आज्ञावली लिहिणारे सावध कारागीर रक्कम पूर्णांकी पैशांत किंवा खास दशांश पद्धतीने साठवतात.

८/ पुढचे स्थलांतर संगणकाकडे झाले. भारतात घरोघर ठाऊक झालेल्या ‘टॅली’चा आरंभ १९८६ चा. आयकरासाठी सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष १९८९ पासून सक्तीचे झाले आणि दिवाळीची वही पूजेपुरती उरली. ‘टॅली’च्याही ७.२ आवृत्तीतील हिशेब नंतरच्या आवृत्तीत नेण्यासाठी वेगळे रूपांतर-साधन लागले. तिथेही ताळा पाहायचा तो जुन्याच गोष्टीचा: अखेरची बाकी आणि आरंभीची बाकी एक आहे ना.

९/ ‘नये’ हे विशेषण १ जून १९६४ रोजी गळाले. २५ पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. बोलण्यात ‘चाराणे’ अजून आहेत, आणि पनवेलच्या दुकानातील पावतीवर रुपयापुढे दोन शून्येही छापली जातात.