हलू नका, फोटो काढतोय

परवा रविवारी चहा घेत घेत नेटवर जुन्या फोटोंच्या लिलावाची एक यादी चाळत बसलो होतो. (विकत कधीच काही घेत नाही, नुसतं बघतो. घरच्यांना हा नाद कळत नाही!) त्यात एक फोटो दिसला. पॅरिस, मे १८७१. जमिनीवर आडवा पडलेला नेपोलियनचा पुतळा आणि त्याच्याभोवती ऐटीत उभी असलेली माणसं. सैनिकी टोप्या, दाढ्या, मध्येच साध्या कपड्यांतले लोक. लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत.

थोडी पार्श्वभूमी. प्रशियाकडून हरल्यावर फ्रान्सचं सरकार पॅरिसच्या जनतेला नकोसं झालं होतं. १८ मार्च १८७१ ला शहर उठलं, सरकार व्हर्सायला पळालं आणि पुढचे ७२ दिवस पॅरिसवर लोकांचा अंमल होता. हेच पॅरिस कम्यून. व्हाँदोम चौकात ऑस्टरलिट्झला जिंकलेल्या तोफांच्या धातूने मढवलेला ४४ मीटर उंच स्तंभ होता, वर नेपोलियन. कम्यूनला तो युद्धखोरीचं प्रतीक वाटला. १२ एप्रिलला ठराव झाला, १६ मेला शेणखत आणि पेंढा पसरून त्यावर तो पाडला.

फोटो काढणारा ब्रूनो ब्राके. हा बहिरा होता. बाकीचे बरेच छायाचित्रकार कम्यून संपल्यावर जळक्या इमारतींचे फोटो घ्यायला बाहेर पडले, हा मात्र कम्यून चालू असतानाच कॅमेरा घेऊन रस्त्यावर होता. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे काय खटाटोप! काचेवर रसायन लावायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, लगेच अंधाऱ्या जागी धुवायची. आणि फोटो घेताना काही सेकंद कुणी हलायचं नाही. त्यामुळे स्तंभ कोसळतानाचा क्षण ह्या तंत्रात सापडणं शक्यच नव्हतं. पडण्याआधीचा स्तंभ मिळतो, पडल्यानंतरचा मिळतो, आणि मिळतात ती थांबून, श्वास रोखून उभी राहिलेली माणसं. आपण इतिहासात असावं असं वाटणारी.

आणि तिथेच घात झाला. २१ ते २८ मे ह्या आठवड्यात सरकारी फौजेने शहर परत घेतलं. किती मारले ह्याचे अंदाज सहा-सात हजारांपासून वीस हजारांपर्यंत जातात. अटक झालेले चाळीस हजारांहून जास्त. पोलिसांनी माणसं ओळखायला असेच फोटो वापरले. मुद्दाम स्थिर उभं राहिल्यामुळे चेहरे कसे स्वच्छ आले होते!

जिंकलेल्यांकडेही फोटोवाला होता, युजीन आपेर. त्याने व्हर्सायच्या तुरुंगात कैद्यांचे फोटो काढले. पुढे नट उभे करून कम्यूनचे 'गुन्हे' रचले, वर खऱ्या लोकांची डोकी चिकटवली आणि ते विकले. फोटोशॉप नसताना!

आता ह्या ग्रुप फोटोत मागे उभा असलेला एक दाढीवाला म्हणजे चित्रकार गुस्ताव्ह कुर्बे, असं काही जण सांगतात. मला ते पटलेलं नाही, दाढी काय तेव्हा निम्म्या पॅरिसला होती. स्तंभ उतरवून ठेवावा असं त्याने १८७० मध्ये सुचवलं होतं हे खरं, पण पाडायचा ठराव झाला तेव्हा तो कम्यूनच्या सभेत निवडूनही आला नव्हता. तरी सहा महिने तुरुंग झाला आणि नंतर स्तंभ परत उभारायचा खर्च त्याच्याच माथी मारला गेला. तीन लाख तेवीस हजार फ्रँक, वर्षाला दहा हजारांच्या हप्त्याने. म्हणजे ३३ वर्षं! तो स्वित्झर्लंडला निघून गेला होता. ३१ डिसेंबर १८७७ ला, पहिला हप्ता भरायच्या आदल्या दिवशी, वारला.

ब्राकेचंही काही बरं झालं नाही. धंदा बुडाला, तुरुंगवास घडला, १८७५ मध्ये गेला. त्याचं काम लोकांना परत आठवलं ते कम्यूनच्या शताब्दीला, १९७१ मध्ये.

असो. लिलावाच्या यादीत कागदावरचे डाग, कोपऱ्यातली घडी, सगळ्याची नोंद होती. त्या काळच्या फोटोंत एखाद-दुसरं डोकं हललेलं असतं, चेहरा धुरकट येतो. यादीवाले त्याला दोष म्हणतात. मी आता असा फोटो उघडला की आधी तेच डोकं शोधतो.