शिराळ्याची नागकथा आणि बालमनाचा विचारसंस्कार

मराठीत ‘डूख धरणे’ असा वाक्प्रचार आहे. डिवचलेला साप त्या माणसास ध्यानात ठेवतो व पुढे केव्हा तरी सूड उगवितो, ही समजूत त्यात साठविलेली आहे. सापाच्या अंगी अशी सूडबुद्धी नसते. तथापि भाषा शिकता शिकताच मूल ही समजूतही शिकते. भय जर शब्दांच्या द्वारे मनात शिरत असेल, तर त्याचे निवारणही शब्दांच्याच द्वारे का होऊ नये? सांगली जिल्ह्यातील शिराळा, अर्थात बत्तीस शिराळा, येथील नागपंचमीची परंपरा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

श्रावणातील नागपंचमीची कहाणी घरोघरी मुलांच्या कानी पडत आली आहे. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिले मरतात. क्रोधाविष्ट नागीण त्याच्या कुटुंबास दंश करते व परगावी दिलेल्या त्याच्या लेकीकडे निघते. ती लेक पाटावर नाग काढून भक्तिभावाने पूजा करीत असते. ते पाहून नागिणीचा राग शमतो, ती अमृत देते आणि माहेरची माणसे उठून बसतात. या कथेत विचाराचे दोन दोष उघडे पडतात. नकळत घडलेला अपाय जाणूनबुजून केला असे मानणे हा पहिला. एकाच्या अपराधासाठी सगळ्या कुळास शत्रू ठरविणे हा दुसरा. नागिणीचा राग बळाने नव्हे, तर प्रत्यक्ष पाहण्याने निवळतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शिराळ्याची आख्यायिका याहून निराळी आहे. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या एका गृहिणीस भिक्षेसाठी आलेल्या गोरक्षनाथांनी विचारले की, जिवंत नागाची पूजा करशील काय? या एका प्रश्नाने श्रद्धा आणि भय यांतील विसंगती तिच्यापुढे उभी राहिली. जिवंत नागांच्या पूजेचा उगम येथे सांगितला जातो.

याच गावी समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. त्याची स्थापना शके १५७६ मधील. समर्थांचे मनाचे श्लोक मनास संबोधून रचलेले आहेत. श्लोक मनाला थेट बोलतो. कथा मात्र दुसऱ्याचे मन दाखविते. आपली चूक ऐकताना मूल संकोचते. नागिणीची चूक ते निःसंकोच ओळखते. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास, आणि पुढील दशकात आरॉन बेक यांनी, घटनेपेक्षा घटनेविषयीचा विचारच भावनेस कारण होतो, या तत्त्वावर उपचारपद्धती उभारल्या. अशा उपचारांत मुलांसाठी कथेचा उपयोग होतो, त्याचे मर्म हेच होय.

परंतु कथेने एक भ्रम घालवून दुसरा रुजविता कामा नये. नाग सूड घेतो ही समजूत जितकी खोटी, तितकीच भक्तास तो काही करीत नाही ही समजूतही खोटी. पकडून मिरविलेल्या नागास इजा होते, आणि हाताळणाऱ्याच्या जिवास धोका असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला; उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २०१४ पासून शिराळ्यातील जिवंत नागांचे जाहीर पूजन व मिरवणूक बंद झाली. हा बदल अनेक ग्रामस्थांस जिव्हारी लागला, कारण त्यांच्या दृष्टीने ती केवळ करमणूक नव्हती, गावाची ओळख होती.

तथापि या परंपरेतील प्रश्न अद्याप उपयोगी आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप मुलास ओळखता यावेत, बाकीचे बहुतेक निरुपद्रवी असल्याचे त्यास कळावे, दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तत्काळ रुग्णालय गाठावे, हे ज्ञान कहाणीच्या जोडीने देता येईल. कहाणी सांगून झाल्यावर शिक्षकाने एवढेच विचारावे: नागिणीला काय वाटले, आणि खरे काय होते? या दोहोंतील अंतर ज्या मुलास दिसले, ते पुढे स्वतःच्या रागालाही हाच प्रश्न विचारू शकेल.