मित्सुकुरिना : खोल समुद्रातील एका मुशीचा नामनिर्णय

योकोहामाजवळील समुद्रात सापडलेली सुमारे १०७ सेंटिमीटर लांबीची एक अपुऱ्या वाढीची नर मुशी ॲलन ओस्टन या तेथील इंग्रज व्यापारी-संग्राहकाच्या हाती आली. त्याने ती टोकियो विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मित्सुकुरी काकिची यांना दिली, व त्यांच्याकडून ती डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्याकडे पोहोचली. जॉर्डन यांनी १८९८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पात्यासारखे लांब व चपटे मुखाग्र असलेला हा उपास्थिमीन ज्ञात कुलांपैकी कोणत्याही कुलात बसेना. म्हणून त्यांनी जातीबरोबरच नवी प्रजाती व नवे कुलही स्थापिले. मित्सुकुरिना ओस्टोनी या नावात दोघाही दात्यांचे ऋण नोंदले आहे. एकाच अल्पवयीन नमुन्यावर एवढी उभारणी करणे हे धाडसच होते.

पुढच्याच वर्षी आक्षेप आला. लेबाननच्या क्रिटेशस खडकांतील जीवाश्मांसाठी आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १८८९ मध्ये स्कॅपनोरिंकस ही प्रजाती निर्माण केली होती. जपानी मुशी तीच होय, असे त्यांनी प्रतिपादिले. कोट्यवधी वर्षांपूर्वीची प्रजाती हयात सापडली, ही कल्पना मोहक खरी. शिवाय अग्रक्रमाच्या नियमाने जुने नाव ग्राह्य ठरत होते. त्यामुळे अनेक दशके कित्येक लेखक हिला स्कॅपनोरिंकस म्हणत राहिले. दोहोंच्या शरीररचनेतील भेद महत्त्वाचे मानले गेले, तेव्हा मित्सुकुरिना हे नाव पुन्हा रूढ झाले.

याहून बोधक घोटाळा जातींचा आहे. १९०९ मध्ये हुसाकोफ यांनी जॉर्डनी, १९१२ मध्ये एंगलहार्ट यांनी डोफ्लाइनी व १९३७ मध्ये व्हाइट यांनी मित्सुकुरी अशा आणखी जाती वर्णिल्या. भेदाचा मुख्य आधार होता मुखाग्राची सापेक्ष लांबी. परंतु या मुशीचे जबडे सैल बंधांनी जोडलेले असून पुढे झेपावतात. मृत नमुन्यात ते ज्या स्थितीत ताठरतात त्यावर मुखाग्र लांब की आखूड दिसेल हे ठरते. मोजमापे अचूक होती. मोजलेली वस्तू मात्र जातिलक्षण नव्हती, मरणोत्तर स्थिती होती. जिवंत मुशीच्या चित्रफितींवरून नाकाया व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखविले की, हे जबडे सेकंदास ३.१ मीटरपर्यंत वेगाने सुटतात आणि शरीराच्या लांबीच्या ८.६ ते ९.४ टक्के इतके पुढे येतात. संग्रहालयातील बरणीकडे पाहून एवढ्या हालचालीची कल्पना येणे कठीणच होते.

ही सर्व नावे आता समानार्थी गणली जातात, आणि या कुलात हयात जाती एकच मानली जाते : जॉर्डन यांनी पहिल्या नमुन्यावरून वर्णिलेली.