एचटीॲक्सेस फाईल

अपाची वेब सर्व्हरला फोल्डरनिहाय सूचना देणारी साधी मजकूर-फाईल. तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते. संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरात पानांशेजारीच पासवर्ड असलेली एन्व्ह फाईल, गिटचा इतिहास किंवा डेटाबेसची बॅकअप प्रत अनेकदा राहून जाते. बंदोबस्त केला नसेल, तर नेमका पत्ता टाकणाऱ्या कोणालाही सर्व्हर ती देऊन टाकतो.

खासगी फोल्डरात ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ एवढी एकच ओळ असलेली ही फाईल ठेवली, की आतल्या प्रत्येक फाईलच्या मागणीला ‘४०३’ हे नकाराचे उत्तर जाते. २.४ आवृत्ती (२०१२) येण्यापूर्वी त्यासाठी ‘डिनाय फ्रॉम ऑल’ लिहीत. मुख्य संरचनेत ‘अलाऊ-ओव्हरराइड’ने मुभा दिली नसेल, तर सर्व्हर ही फाईल वाचतच नाही. एंजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तर तिला ओळखतच नाही; तेथे ‘लोकेशन’ विभागात ‘डिनाय ऑल’ लिहावे लागते.

रोबोट्स फाईल मात्र शोधयंत्रांना ठरावीक पाने न धुंडाळण्याची केवळ विनंती करते. ती कुलूप नव्हे. नियम लिहिल्यावर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून खात्री करून घ्यावी. खासगी फाईल मूळ फोल्डराबाहेर ठेवणे हाच सर्वांत भक्कम उपाय होय.